तांबडा-पांढरा पोटभर घ्या, भाकरीचं मात्र आधी ठरवा

पत्र : ताई, नमस्कार. मी पुण्याची, वय ४७. वर्षाच्या सुरुवातीला माझं एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ६.३ आलं. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. त्यांच्याच सल्ल्याने लो-कार्ब सुरू केलं, दिवसाला साधारण ८० ग्रॅम कार्ब, म्हणजे कर्बोदकं. गोळी कुठलीच नाही. सात किलो वजन उतरलं, एचबीएवनसी ५.८ वर आलं. आता दिवाळी झाली की पाच दिवस कोल्हापूरला नणंदेकडे जायचंय. वन्सं माझ्यापेक्षा मोठ्या, हाताला चव अशी की विचारू नका, आणि पाहुण्याचं ‘पुरे’ त्यांच्या कानापर्यंत पोचतच नाही. भाचा आत्तापासून फोनवर सांगतोय, ‘मामी, पहिल्या दिवशी मिसळ, मग मटण, मग पन्हाळा!’ मी तिथे काय खाऊ? की पाच दिवस डाएटला सरळ सुट्टी देऊन परत आल्यावर दोन-तीन दिवस कडक उपास करू? शिवाय यांना शुगर आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. हे म्हणतात, ‘तिथे मीही भाकरी-भात सोडतो, तुला सोबत होईल.’ – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुम्ही शेवटी लिहिलेली गोष्ट मी सगळ्यांत आधी घेते, कारण धोका तिच्यात आहे. तुमच्या यजमानांनी कोल्हापुरात येऊन एकदम भाकरी-भात सोडायचा नाही. सोबत करायची त्यांची इच्छा मनापासूनची आहे हे कळतं, पण ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते आणि ताटात भाकरी आली की नाही हे ती बघत नाही. गोळी घेतली, भाकरी घेतलीच नाही आणि वरून रंकाळ्याला लांब फेरी झाली, की शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, धडधडतं, बोलण्यात गोंधळ होतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी: कार्ब फार कमी केले तर त्यांच्या रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचून रक्ताची आम्लता वाढू शकते, आणि शुगर फारशी चढलेली दिसत नसल्यामुळे ते लवकर ओळखूही येत नाही.

त्यांना लो-कार्ब करायचंच असेल तर निघायच्या बरेच दिवस आधी पुण्यातच डॉक्टरांना भेटावं, गोळीचा डोस बदलायचा का ते विचारावं आणि घरी मोजून बघावं. तसं होणार नसेल तर या पाच दिवसांत त्यांनी आपलं रोजचं मोजकं जेवण वेळेवर घ्यावं. कोल्हापुरात दुपारचं जेवण गप्पांत सहज अडीच-तीनवर जातं, त्यामुळे ‘वेळेवर’ हा शब्द वन्संना आधीच सांगून ठेवा. खिशात साखरेच्या पुड्या असू द्या. शुगर उतरल्यासारखं वाटलं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठायचा.

आता तुमचं. तुम्हाला गोळी नाही, त्यामुळे तुम्ही बऱ्याच मोकळ्या आहात. पण पाच दिवसांची पूर्ण सुट्टी मला पसंत नाही. काही महिने कार्ब कमी घेतल्यावर शरीर त्या कमी साखरेच्या राहणीला रुळतं. मग अचानक एका बैठकीत भात, पुरणपोळी आणि वर आइस्क्रीम आलं, तर तेवढ्यापुरती शुगर पूर्वीपेक्षाही उंच जाऊ शकते. वर्षभरापूर्वी ज्या ताटाने काही वाटलं नसतं, त्याच ताटाने दुपारभर डोळे मिटतील. आणि गोडाची, भाताची सुटलेली ओढ पुन्हा लागली की पुण्यात परतल्यावर ती आवरायला पाच दिवसांपेक्षा जास्त दिवस जातात, हे माझ्याकडे येणाऱ्यांत मी नेहमी बघते.

त्याच वेळी ८० ग्रॅमचा आकडा घट्ट धरून बसायचीही गरज नाही. तुमच्या जागी मी या पाच दिवसांसाठी तो १०० ते १२० वर नेईन आणि मग तो मोडणार नाही. ती वाढीव सूट कशावर खर्च करायची हे मात्र घरून निघतानाच ठरवायचं, ताटावर बसल्यावर नाही. वन्संच्या हातची अर्धी भाकरी तांबड्या रश्श्यात बुडवून खायची असेल तर त्यासाठी जागा राखा. आवडतही नसलेल्या ब्रेडच्या स्लाइससाठी, पंगतीत पडला म्हणून खाल्लेल्या भातासाठी किंवा चहातल्या दोन चमचे साखरेसाठी ती जागा द्यायची नाही.

तुमचा सगळ्यांत मोठा गैरसमज कोल्हापूरच्या जेवणाबद्दलचा दिसतो. तुम्ही भाच्याच्या यादीला घाबरलात, पण त्या यादीतलं मटणाचं ताट तुमच्यासाठी सगळ्यांत सोपं आहे. ते नीट बघू या.

ताटात सुक्कं मटण असतं. कांदा, सुकं खोबरं, तीळ आणि कांदा-लसूण चटणीत परतलेलं. त्यात कार्ब असलेच तर कांद्याचे आणि मसाल्याचे, एका वाटीला पाचेक ग्रॅम धरा. पांढरा रस्सा म्हणजे मटणाचं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, मिरी आणि खडा मसाला. तोही वाटीला तेवढाच. तांबडा रस्सा थोडा जास्त, कारण त्यात वाटण जास्त. सोलकढीत साखर घातलेली नसेल तर तीही चालते. म्हणजे मटण, दोन वाट्या पांढरा, एक वाटी तांबडा, कांदा-लिंबू आणि सोलकढी एवढं सगळं मिळून तुम्ही २५ ग्रॅमच्या आसपास राहता, पोटही भरतं. हे सगळे आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्येक घरचं वाटण वेगळं. खानावळीत जेवलात तर एक गोष्ट विचारून घ्या : पांढऱ्याला दाटपणा यावा म्हणून तांदळाचं पीठ लावलंय का. चांगल्या घरचा पांढरा पातळच असतो.

रस्सा पुन्हा मागायला अजिबात लाजू नका. कोल्हापुरात तो वाटीने प्यायचाच असतो, आणि पाहुण्याने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली की वाढणारी खूश होते. तिखट सोसत नसेल तर वन्संना सांगून फोडणी द्यायच्या आधीचा अळणी रस्सा काढून ठेवा. लहान पोरांना, आजाऱ्याला, बाळंतिणीला आपण देतो तोच. मला विचाराल तर ताटातला तो सगळ्यांत सुंदर पदार्थ आहे, आणि पुण्याहून आलेले पाहुणे तांबड्याच्या नादात त्याच्याकडे वळूनही बघत नाहीत.

उरलं भाकरी-भाताचं. ज्वारीची भाकरी पचायला चांगली, तंतू जास्त, म्हणून ती ‘चालतेच’ असं धरून बरेच जण दोन-दोन खातात. एका मध्यम भाकरीला ५०-६० ग्रॅम पीठ लागतं आणि त्यात ३५ ते ४० ग्रॅम कार्ब असतात. मध्यम चपातीत साधारण २०, शिजलेल्या भाताच्या मोठ्या वाटीत ४०. म्हणजे अर्धी भाकरी आणि एक चपाती कार्बच्या हिशेबात जवळपास सारखीच. मटणाच्या दिवशी अर्धी भाकरी घ्या, भात नको. ताट ४५ ग्रॅमवर थांबतं, दिवसातले निम्म्याहून जास्त कार्ब हातात राहतात.

खाण्याचा क्रमही बदला. बसल्याबरोबर भाकरी मोडू नका. आधी पांढऱ्याची वाटी, मग सुक्कं आणि कांदा-काकडी, निम्मं पोट भरलं की भाकरी. प्रथिनं आणि भाज्या आधी पोटात गेल्या की मागून आलेल्या पिठाची साखर रक्तात सावकाश चढते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. मटण जेवून कोल्हापूरकर आडवा होतो हे मला ठाऊक आहे, पण तुम्ही भाच्याला घेऊन गल्लीतून एक फेरी मारूनच पडा.

तुम्ही पोचाल त्या दिवसांत शुक्रवार आला, तर अंबाबाईचा वार म्हणून वन्संकडे मटण शिजणार नाही. लो-कार्बवाल्यांची खरी परीक्षा त्या दिवशी असते, कारण शाकाहारी ताटात डाळ, कडधान्य, भाकरी, भात असे सगळे कार्ब एकत्र येतात. पण कोल्हापूर भाजीपाल्याचं गाव आहे. भरलं वांगं, वांग्याचं भरीत, दोडका, मेथी, माठ, शेवग्याच्या शेंगा यांतली एक भाजी मोठ्या वाटीने घ्या. सोबत हिरव्या मिरचीचा खर्डा, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी आणि घट्ट दही. झुणका असेल तर वाटीभर घ्या. बेसन असल्यामुळे त्यात वीसेक ग्रॅम कार्ब येतात, पण प्रथिनंही बरी मिळतात. मग त्या ताटात भाकरी चतकोर पुरे. आमटी आणि झुणका दोन्ही घेऊ नका, एकच निवडा. पनीर कोल्हापुरात आल्यावर कशाला शोधायचं? दोन वाट्या दही आणि मूठभर शेंगदाणे पोटाला आधार देतात.

पुरणावरणाचा स्वयंपाक झाला तर कटाची आमटी वाटीभर घ्या आणि पुरणपोळीचा चतकोर तूप लावून, सावकाश, चव घेत खा. अख्ख्या पोळीत ४० ते ५० ग्रॅम कार्ब सहज असतात. देवीच्या प्रसादाला नाही म्हणू नका. कणभर घेऊन कपाळाला लावून खाल्लेल्या प्रसादाने कुणाचं एचबीएवनसी बदलत नाही, आणि देवळातून बाहेर पडताना मनात रुखरुख राहिली तर त्याचा त्रास जास्त.

मिसळीचं आता. भाचा पहिल्याच सकाळी नेणार, तर जा. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो. मोड आलेल्या मटकीत तंतू आणि प्रथिनं आहेत. फरसाण आणि ब्रेडनेच हिशेब बिघडतो. दोन स्लाइसचे २५ ते ३० ग्रॅम, तेही मैद्याचे. म्हणून ऑर्डर देतानाच सांगा : फरसाण कमी, कांदा जास्त, सोबत दही, ब्रेड नको. मटकी आणि कटाची वाटी मिळून २५ ग्रॅमच्या घरात राहता. कट भरपूर मिळतो, पण रिकाम्या पोटी नुसता कट पिऊ नका. त्यात तेल आणि तिखट दोन्ही जोरात असतं, सवय नसलेल्या पोटाला दुपारपर्यंत जाळतं. घरून एक उकडलेलं अंडं खाऊन निघालात तर उत्तम. आणि मिसळ झाल्यावर ‘आता कटवडा’ असं भाचा म्हणाला, तर त्याला एकट्यालाच खाऊ द्या. बटाटा, बेसन, तेल आणि कट एकाच प्लेटमध्ये तुम्हाला परवडणारे नाहीत.

रंकाळ्याची भेळ, पाणीपुरी, कॉकटेल आइस्क्रीम, लोणी डोसा : यांतलं एक, एकदाच, आणि दोघांत मिळून. कुठलं ते तुम्ही ठरवा. मी भेळ घेईन, कांदा-टोमॅटो जास्त आणि गोड चटणी कमी सांगून.

याहून मला काळजी वाटते ती घरातल्या फराळाच्या डब्यांची. तुम्ही दिवाळीनंतर जाताय. वन्संच्या स्वयंपाकघरात चिवडा, चकली, शंकरपाळी, करंज्या अजून असतील, त्यात भडंगाची पिशवी. गप्पा मारता मारता हात डब्यात जातो आणि काय खाल्लं हे कुणालाच आठवत नाही. जेवणाच्या ताटात आपण मोजतो, डब्यात कुणी मोजत नाही. म्हणून एक नियम करा : फराळ फक्त वाटीत वाढून घेऊन, बसून खायचा. अर्धी वाटी चिवडा घेतला तर तो दिवसाच्या हिशेबात धरायचा. गप्पांच्या वेळी हाताला काही हवंच असेल तर भाजक्या नाहीतर उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा घ्या. सोलायला वेळ लागतो, म्हणून कमी खाल्ल्या जातात.

कोल्हापूरला येऊन गुळाचं बोलणं टाळता येत नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठीच, आणि इथल्या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. आम्हाला त्याचा अभिमान आहे. तुम्ही याल तेव्हा गुऱ्हाळं सुरू झालेली असतील आणि कुणीतरी नक्की म्हणेल, ‘साखर नको म्हणता, पण गूळ चालतो की वो!’ नाही चालत. गुळात थोडी खनिजं आहेत, रंग-वास आहे, पण तो बहुतेक सगळा साखरच आहे, आणि रक्तातली शुगर त्याने साखरेसारखीच चढते. काकवीचं तेच, उसाच्या रसाचं तर त्याहून वाईट, कारण तो ग्लासभर एका दमात जातो आणि चावायलाही लागत नाही. गुऱ्हाळावर जरूर जा, काहिलीतला उकळता रस बघा, गरम गूळ बोटाच्या टोकाएवढा चाखा. ढेप घरी न्यायची असेल तर ज्यांना चालते त्यांच्यासाठी न्या.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर भाचा नेईल तेव्हाचंही सांगते, आणि इथे माझं मत बऱ्याच कोल्हापूरकरांना आवडणार नाही. म्हशी समोर बांधलेल्या, धार काढून थेट ग्लासात. फेसाळ दूध बघून मोह होतोच. कार्बच्या बाजूने त्यात अडचण नाही, साखर न घालता ग्लासभर म्हशीच्या दुधात बारा-तेरा ग्रॅम कार्ब असतात. अडचण आहे ती ते कच्चं असण्याची. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार माणसाला होतात, आणि जनावर धडधाकट दिसलं म्हणून तो धोका संपत नाही. वर्षानुवर्षं पिणारे लोक आहेत हे खरं, तरी पाहुणी म्हणून चार दिवसांसाठी आलेल्या बाईला मी ते प्यायला सांगणार नाही. कट्टा बघा, दूध लिटरभर घरी आणा, उकळा, आणि रात्री साय घालून प्या. दूध तेच, निर्धास्त.

पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. हा दिवस तुमचा सोपा जाईल. वर चुलीवरची झुणका-भाकरी आणि घट्ट दही मिळतं, आणि तिथे ते खाण्यातली मजा कुठल्याच हॉटेलात नाही. दही जास्त, झुणका, खर्डा, कांदा आणि भाकरी अर्धी. पण त्या दिवशी पाणी आणि मिठाकडे लक्ष द्या. कार्ब कमी असले की इन्सुलिन कमी राहतं, आणि इन्सुलिन कमी असलं की मूत्रपिंडं मीठ जास्त बाहेर टाकतात, त्याबरोबर पाणीही जातं. सज्जा कोठीपासून तीन दरवाजापर्यंत उन्हात चालून डोकं दुखायला लागलं, पायात गोळे आले, तर ते बहुतेक यामुळे असतं, आणि लोक ते भूक समजून कणीस किंवा लिंबू सरबत घेतात. घरून मीठ-जिरं घातलेलं ताक बाटलीत भरून न्या. तुम्हाला ब्लड प्रेशर असेल तर मिठाचं प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा.

वाटेचं थोडक्यात. पुणे ते कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, चार-पाच तास. निघताना पोटभर ऑम्लेट नाहीतर पनीर-भाजी खाऊन निघा, सोबत शेंगदाणे, बदाम आणि दोन उकडलेली अंडी ठेवा. हायवेवर वडा-पाव आणि साताऱ्याचे कंदी पेढे तुम्हाला हाका मारणार. पेढे वन्संसाठी घ्या, आणि पुडा डिकीत ठेवा.

आता वन्संचं. तुमचं पत्र वाचताना मला वाटलं, तुमची भीती मटणापेक्षा त्यांच्या मायेची जास्त आहे. आणि ते बरोबर आहे, कारण ताटासमोर बसून आपण काही नाकारलं की ते वाढणाऱ्याला लागतं. तिने सकाळपासून चुलीशी राबून केलेलं असतं. म्हणून हे बोलणं ताटावर होऊ देऊ नका. निघायच्या आठवडाभर आधी फोन करा. पहिलं वाक्य ‘मी डाएटवर आहे’ असं नको. ते ऐकून तुम्ही त्यांच्या घरी जेवणारच नाही असं त्यांना वाटेल. म्हणा, ‘वन्सं, तुमच्या हातचं सुक्कं आणि पांढरा खायलाच येतेय मी. फक्त साखर उंबरठ्यावर आलीय, डॉक्टरांनी भात आणि गोड कमी सांगितलंय. तेवढं सांभाळून घ्या.’ आपल्याकडे शुगर असलेलं माणूस नाही असं घर शोधून सापडणार नाही. साखरेचं नाव निघालं की त्याच वन्सं दुसऱ्यांना दटावतील, ‘तिला भात वाढू नगा, शुगर हाय तिला!’ तुमची बाजू घेणारं माणूस त्याच घरात तयार होतं.

शिवाय त्यांना एखादी गोष्ट मागा. ‘येसर-बिसर काही नको, मला नुसता अळणी रस्सा काढून ठेवा,’ किंवा ‘भरली वांगी एकदा तुमच्या हातची हवीत.’ मागितलेलं करून घालण्यात त्यांना जो आनंद आहे, तो तीन भाकऱ्या वाढण्यात नाही. सकाळच्या नाश्त्याला त्यांच्या पोह्यांऐवजी तुम्ही सगळ्यांसाठी अंड्याची भुर्जी करा. घरची सून म्हणून ओट्याशी उभं राहिलात तर तुमच्या ताटात काय येतं हे तुमच्या हातात राहतं, आणि त्यांनाही थोडा विसावा मिळतो. जेवायला शेवटच्या पंगतीला, वन्संबरोबर बसा. आधीच्या पंगतीत तुम्ही वाढणाऱ्या असाल, आणि शेवटच्या पंगतीत आग्रह करायला उभं कुणी नसतं.

ताटात जागा रिकामी ठेवू नका. भाकरी संपली आणि ताट मोकळं दिसलं की दुसरी येऊन पडणारच. भाकरीचा एक घास शेवटपर्यंत ताटात राहू द्या, रश्श्याची वाटी भरलेली असू द्या, आणि पुढची वाढणी यायच्या आधी स्वतःच म्हणा, ‘मला पांढरा आणखी वाढा.’ आग्रह कशाचा तरी होणारच, तर तो रश्श्याचा होऊ द्या.

तरी कुणीतरी, बहुधा घरातले एखादे मामा-काका, म्हणतील, ‘काय हुतंय वो एका भाकरीनं? पैलवान बघा की, किती खात्यात!’ खासबागेच्या कुस्तीच्या मैदानाच्या गावात हे ऐकायला मिळायचंच. तालमीतला पैलवान दूध-तूप-मटण-भाकरी खातो ते पहाटेपासून शेकड्यांनी जोर-बैठका मारून, लाल मातीत दोन-दोन तास लढून. त्याचे स्नायू ती साखर तिथल्या तिथे वापरतात. आपलं काम खुर्चीवरचं, आणि तुमच्या रक्ताने तर आकड्यांत सांगून ठेवलंय की त्याला साखर आवरत नाही. हे त्या काकांना समजावत बसू नका. ‘व्हय काका, रस्सा मस्त झालाय,’ म्हणा आणि जेवा.

एखाद्या दिवशी कार्बचा आकडा मोडला, दीडशे ग्रॅमच्या वर गेला, तर काय? काही नाही. त्या रात्रीचं जेवण बुडवू नका. रात्री उपाशी राहिलात तर सकाळी फराळाच्या डब्यापाशी पोचाल. पुढचं जेवण मटण, अंडी, दही, भाजी असं घ्या आणि चाला. ग्लुकोमीटर तुमच्याकडे असेल तर तो न्या, पण यजमानांसाठी. तुम्ही दर जेवणानंतर बोट टोचून वन्संच्या समोर आकडे वाचू नका, त्याने ना तुमचं भलं, ना त्यांचं.

परत आल्यावर दोन-तीन दिवसांचा कडक उपास मुळीच नको. पुण्यात पोचल्यावर काटा दीड-दोन किलो जास्त दाखवेल, आणि तुम्ही घाबराल, म्हणून कारण आत्ताच सांगते. जास्तीचे कार्ब शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. त्यात कोल्हापुरी जेवणातलं मीठ, तेही पाणी धरतं. काट्यावरची वाढ बहुतेक हीच असते. पाच दिवसांत दोन किलो चरबी चढायला रोज तीन हजारांच्या आसपास जास्तीच्या कॅलरी लागतील, तेवढं तुम्हाला वन्संही खाऊ घालू शकणार नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आपलं ८० ग्रॅमचं जेवण सुरू करा, पाणी उतरतं.

आणखी एक लक्षात ठेवा. डॉक्टरांनी सुट्टीनंतर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी सांगितली असेल, तर तुम्ही लो-कार्बवर आहात हे त्यांना आधी सांगा. त्या तपासणीआधी तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम कार्ब घ्यायला सांगतात, नाहीतर शुगर खोटी वाढलेली दिसू शकते. एचबीएवनसीला तशी अट नाही. ती चाचणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे ती नेहमीच्या वेळी करा. आणि काटा कपाटात ठेवून द्या, आल्यावर आठवडाभराने सकाळी उपाशीपोटी काढा.